सर सँडफर्ड फ्लेमिंग : जगाच्या घड्याळांचा मेळ

मुंबईत सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा कोलकात्याचे मध्यान्ह होऊन तासाभराहून थोडा अधिक वेळ लोटलेला असतो. पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत ३६० अंश फिरते. एका तासात १५ अंश आणि एका अंशाला चार मिनिटे, असा हा साधा हिशेब आहे. त्यामुळे सूर्याकडे पाहून लावलेली दोन गावांची घड्याळे, ती गावे नेमकी उत्तर-दक्षिण रेषेत नसतील तर, कधीच जुळत नाहीत. माणूस जोपर्यंत पायी, बैलगाडीने किंवा शिडाच्या गलबताने प्रवास करीत होता, तोपर्यंत या फरकाचे कोणाला काही वाटले नाही. प्रवासी चार दिवसांनी मुक्कामाला पोहोचे आणि तेथील घड्याळ निमूटपणे स्वीकारी. पुढे आगगाडी आली, तारयंत्र आले आणि मिनिटामिनिटाला किंमत आली. एकाच लोहमार्गावरील दोन स्थानकांची घड्याळे निराळी वेळ दाखवू लागली, तर वेळापत्रक छापायचे कोणत्या घड्याळाने? हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर लावून धरला, त्यांत सर सँडफर्ड फ्लेमिंग यांचे नाव ठळक आहे.

फ्लेमिंग यांचा जन्म ७ जानेवारी १८२७ रोजी स्कॉटलंडमधील कर्कॉडी या समुद्रकाठच्या गावी झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते जॉन सँग नावाच्या भूमापकाच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. जमीन मोजणे, चढउतार टिपणे, नकाशा काढणे हे सारे ते प्रत्यक्ष कामातून शिकले. महाविद्यालयाचे तोंड त्यांनी विद्यार्थी म्हणून कधीच पाहिले नाही. १८४५ साली, अठराव्या वर्षी, ते थोरल्या भावाबरोबर कॅनडात गेले. तेथे ओळखीपाळखीच्या लोकांनी त्यांना नाउमेदच केले. या नव्या देशात अभियंत्याला करण्याजोगे काही उरलेले नाही, असे सांगणारेही भेटले. फ्लेमिंग यांनी वाद घातला नाही. पीटरबरो आणि आसपासच्या गावांची मोजणी करून त्यांनी नकाशे काढले, ते शिळाछापावर छापले आणि विकून पोट भरले.

१८४९ साली भूमापकाच्या परवान्याच्या कामासाठी ते माँट्रियल येथे गेले असताना तेथे दंगल उसळली आणि जमावाने संसदेची इमारत पेटवून दिली. जळत्या इमारतीत शिरून राणी व्हिक्टोरियाचे भले मोठे तैलचित्र बाहेर काढणाऱ्या चारपाच जणांत हा बावीस वर्षांचा तरुण होता. त्याच वर्षी टोरांटो येथे त्यांनी काही सहकाऱ्यांसह अभियंते व भूमापक यांची एक संस्था स्थापन केली. पुढे ती रॉयल कॅनेडियन इन्स्टिट्यूट या नावाने नावारूपाला आली. आरंभीचा उत्साह ओसरल्यावर एका सभेला केवळ दोनच सभासद हजर राहिले, त्यांतले एक फ्लेमिंग. दोघांपैकी एकाने अध्यक्षस्थान घेतले, दुसऱ्याने ठराव मांडले आणि कामकाज रीतसर पार पडले! संस्था त्यामुळे वाचली आणि पुढे तीस वर्षांनी फ्लेमिंग यांनी आपला सर्वांत महत्त्वाचा निबंध याच संस्थेपुढे वाचला.

१८५१ साली निघालेल्या कॅनडाच्या पहिल्या टपाल तिकिटाचे चित्रही त्यांचेच. त्या काळी तिकिटावर राजा वा राणी यांचा चेहरा छापण्याची रीत होती. फ्लेमिंग यांनी त्या जागी बीव्हर हा प्राणी काढला. लाकडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारा हा उद्योगी प्राणी पुढे कॅनडाची ओळखच बनला.

मात्र त्यांचे खरे कार्यक्षेत्र लोहमार्ग हेच होते. टोरांटोच्या उत्तरेकडील लोहमार्गावर ते प्रमुख अभियंता झाले. नंतर अटलांटिक किनाऱ्याकडील प्रांतांना उर्वरित कॅनडाशी जोडणाऱ्या इंटरकलोनियल रेल्वेचे काम त्यांच्याकडे आले. या मार्गावरील पूल स्वस्तात लाकडी बांधावेत, असा वरिष्ठ मंडळाचा आग्रह होता. लाकडी पूल कुजतात आणि पेटतात, तेव्हा लोखंडीच हवेत, असे फ्लेमिंग यांचे म्हणणे होते. ते प्रकरण त्यांनी थेट मंत्रिमंडळापर्यंत नेले आणि बहुतेक सर्व पूल लोखंडी बांधवून घेतले. १८७६ साली हा मार्ग पूर्ण झाला.

त्याआधीच, १८७१ साली, कॅनडाच्या एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत जाणाऱ्या नियोजित लोहमार्गाच्या पाहणीची जबाबदारी सरकारने त्यांच्यावर सोपवली होती. १८७२ च्या उन्हाळ्यात ते स्वतः हॅलिफॅक्सहून निघाले आणि आगगाडी, बोट, घोडा व पाय यांच्या साह्याने तीन महिन्यांहून अधिक काळ प्रवास करून पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हिक्टोरियाला पोहोचले. या प्रवासात ते जसजसे पश्चिमेकडे सरकत, तसतसे त्यांच्या खिशातील घड्याळ सूर्याच्या पुढे पळे. एकाच राष्ट्राच्या दोन टोकांच्या वेळांमध्ये चारपाच तासांचे अंतर आहे, हे त्यांना नकाशावरून ठाऊक होतेच. आता ते वाटचालीत अनुभवास आले.

१८७६ साली आयर्लंडमध्ये एक क्षुल्लक प्रसंग घडला, तो त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. बंडोरन नावाच्या लहानशा स्थानकावर ते सायंकाळी ५ वाजून ३५ मिनिटांच्या गाडीसाठी वेळेवर हजर झाले. गाडी आली नाही. वेळापत्रकात छपाईची चूक झाली होती. गाडी सायंकाळची नसून पहाटेची होती. रात्र स्थानकात काढावी लागलेला दुसरा प्रवासी स्थानकमास्तराशी भांडून मोकळा झाला असता. फ्लेमिंग यांनी मुळावर घाव घालायचे ठरवले. दिवसाचे बारा-बारा तासांचे दोन तुकडे करायचेच कशाला? एक ते चोवीस असे तास सलग का मोजू नयेत? या विचाराच्या पाठोपाठ दुसरा, फार मोठा विचार आला : तास जर सलग मोजायचे, तर ते साऱ्या पृथ्वीसाठी एकच का असू नयेत?

त्यांनी मांडलेली कल्पना अशी होती. पृथ्वीच्या केंद्रस्थानी एक घड्याळ आहे असे समजावे. त्याच्या तबकडीवर चोवीस खुणा आणि प्रत्येक खूण एकेका रेखांशाकडे, पंधरा-पंधरा अंशांच्या अंतराने, रोखलेली. काटा सदैव सूर्याच्या दिशेने. हे घड्याळ कोणत्याही गावाचे नाही, म्हणून सर्वांचे आहे. ते दाखवील ती वैश्विक वेळ. आगगाड्या, जहाजे, तारा आणि शास्त्रज्ञ यांनी ती वापरावी. रोजच्या व्यवहारासाठी पृथ्वीचे चोवीस पट्टे करावेत, प्रत्येकाला रोमन लिपीतले एक अक्षर द्यावे आणि पट्ट्यातील सर्वांनी एकच वेळ पाळावी. मग जगभर मिनिटे व सेकंद सारखेच राहतील, फरक पडेल तो केवळ पूर्ण तासांचा. दोन्ही वेळा एकदम दाखवणारे खिशातील घड्याळही त्यांनी लंडनमध्ये तयार करवून घेतले.

विचार सोपा होता. तो गळी उतरवणे सोपे नव्हते. १८७८ साली ब्रिटनमधील विज्ञान परिषदेत निबंध वाचण्याची संधीही त्यांना मिळाली नाही. १८७९ साली त्यांनी तो टोरांटोच्या आपल्या संस्थेपुढे वाचला आणि कॅनडाच्या गव्हर्नर जनरलांमार्फत त्याच्या प्रती देशोदेशीच्या सरकारांकडे रवाना झाल्या. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांना ही योजना अनावश्यक वाटली. स्कॉटलंडचे राजज्योतिषी पियाझी स्मिथ यांचा तर इजिप्तच्या थोरल्या पिरॅमिडवर इतका जीव, की जगाची शून्य रेषा न्यायचीच तर ती पिरॅमिडवरून न्यावी, असे त्यांचे मत! रशियातील पुल्कोवो वेधशाळेचे प्रमुख ओटो स्ट्रूव्ह यांनी मात्र योजनेला मनःपूर्वक पाठिंबा दिला. याच धामधुमीत, १८८० साली, खर्चवाढीवरून उठलेल्या टीकेमुळे सरकारने फ्लेमिंग यांना रेल्वेच्या पदावरून दूर केले. त्याच वर्षी किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठाने त्यांना कुलपती निवडले. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला हा गृहस्थ मृत्यूपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, त्या पदावर होता.

प्रमाणवेळ हे एकट्या फ्लेमिंग यांचे अपत्य मानण्याची चूक अनेकदा होते. अमेरिकेत चार्ल्स डाउड या शिक्षकाने १८७० च्या सुमारास रेल्वेसाठी वेळेचे पट्टे सुचवले होते. त्या देशातील लोहमार्ग पन्नासच्या आसपास निरनिराळ्या वेळा पाळत होते. कंपन्यांची समजूत काढून १८ नोव्हेंबर १८८३ रोजी उत्तर अमेरिकेतील रेल्वेगाड्या प्रमाणवेळेवर आणण्याचे कष्टाचे काम विल्यम ॲलन यांनी केले. त्या रविवारी अनेक गावांत मध्यान्हीचे बारा दोनदा वाजले. फ्लेमिंग यांचे वेगळेपण हे, की त्यांची नजर एका देशाच्या वेळापत्रकावर थांबली नाही.

ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे पंचवीस राष्ट्रांची परिषद भरली. ब्रिटिश शिष्टमंडळात कॅनडाच्या वतीने फ्लेमिंग होते. शून्य रेखांश कोठे मानायचा, हा मुख्य प्रश्न होता. जगातील बहुसंख्य जहाजे ग्रिनिचवर आधारलेले नकाशे वापरीत होती. तरी ग्रिनिचचे नाव घेतल्यास इतर राष्ट्रांचा स्वाभिमान दुखावेल, म्हणून ग्रिनिचच्या नेमक्या विरुद्ध बाजूची, पॅसिफिक महासागरातून जाणारी रेषा निवडावी, असे फ्लेमिंग यांनी सुचवले. समुद्राला स्वाभिमान नसतो, हे त्यामागील शहाणपण. ही सूचना मान्य झाली नाही. बावीस राष्ट्रांनी ग्रिनिचच्या बाजूने मत दिले, एकाने विरोध केला आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. साऱ्या जगासाठी एक वैश्विक दिवस परिषदेने तत्त्वतः मानला. वेळेच्या पट्ट्यांची सक्ती मात्र कोणावरही केली नाही. तो निर्णय ज्याच्या त्याच्या सरकारवर सोपवला गेला आणि पुढची सारी गुंतागुंत येथूनच सुरू झाली.

फ्रान्सने १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ चालवली. त्या वर्षी जो कायदा केला, त्यातही ग्रिनिचचे नाव नाही. पॅरिसची वेळ ९ मिनिटे २१ सेकंदांनी मागे घ्यावी, एवढेच त्यात म्हटले. हिशेब करणाऱ्याला ती ग्रिनिचचीच वेळ निघते!

भारतातही असेच घडले. येथील रेल्वे मद्रासच्या वेळेने धावत. मुंबईचे घड्याळ मद्रासच्या अर्धा तास मागे, कोलकात्याचे अर्ध्या तासाहून अधिक पुढे. १८८१ साली मुंबईच्या गव्हर्नरांनी सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ आणून पाहिली. शहरातून एवढा विरोध झाला, की हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईकरांचे घड्याळ त्यामुळे ३९ मिनिटे पुढे ढकलले गेले. सहा वाजता भोंगा वाजायचा, तर तो आता जुन्या हिशेबाने सव्वापाचच्या सुमारास वाजणार होता. गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. परक्या सरकारने लादलेली वेळ, हाही सल त्यात होता. नगरपालिकेची घड्याळे पुढे कित्येक वर्षे मुंबईची वेळ दाखवीत राहिली आणि एकाच शहरात दोन वेळा सुखाने नांदल्या. मुंबईची वेळ पूर्णपणे मागे पडायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. फ्लेमिंग यांच्या योजनेत सूर्य आणि रेखांश होते. भल्या पहाटे कामावर जाणाऱ्या माणसाची झोप तिच्यात धरलेली नव्हती.

७ नोव्हेंबर १८८५ रोजी कॅनडाच्या महासागरापासून महासागरापर्यंतच्या लोहमार्गाचा शेवटचा खिळा ठोकला गेला. त्या प्रसंगाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. खिळा ठोकणाऱ्या डोनाल्ड स्मिथ यांच्या मागे उंच टोपी घातलेले, पांढऱ्या दाढीचे फ्लेमिंग उभे आहेत. ज्या हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडून हा मार्ग केला, त्यांतील कोणी त्या चित्रात दिसत नाही.

त्यांची पुढची वर्षे समुद्राखालील तारेच्या खटाटोपात गेली. कॅनडापासून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडपर्यंत पॅसिफिकच्या तळातून तार टाकावी, यासाठी त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ पत्रे लिहिली, परिषदा भरवल्या, मंत्र्यांचे उंबरठे झिजवले. ३१ ऑक्टोबर १९०२ रोजी ती तार पूर्ण झाली आणि विजेच्या संदेशाला पृथ्वीप्रदक्षिणा करता येऊ लागली. १८९७ साली त्यांना सर हा किताब मिळाला होता. हॅलिफॅक्सजवळची आपली जमीन त्यांनी सार्वजनिक उद्यानासाठी दिली. त्याच शहरात २२ जुलै १९१५ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षही उलटले नव्हते, तोच, ३० एप्रिल १९१६ रोजी, युद्धात गुंतलेल्या जर्मनीने कोळसा वाचवण्यासाठी उन्हाळ्यापुरती घड्याळे एक तास पुढे केली. इतर देशांनी तिचे अनुकरण केले. पूर्ण तासांचे सरळ पट्टे तर कधीच अवतरले नव्हते. भारताने साडेपाच तास घेतले, नेपाळने पुढे पावणेसहा घेतले आणि पाच पट्ट्यांएवढ्या रुंद चीनने साऱ्या देशाला एकच वेळ दिली. खुद्द कॅनडातील न्यूफाउंडलंडची वेळही अर्ध्या तासाने तिरकी आहे.

अशा जगात संगणक आला. संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी मूळ प्रणाली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. या प्रणालीला प्रत्येक पत्रावर, प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का मारावा लागतो. मुंबईतून धाडलेले पत्र टोरांटोत पोहोचताना ते लिहिण्याच्या आधीच पोहोचले असे दिसले, तर सारा हिशेब कोसळेल. म्हणून या प्रणालींनी मनात दोन वेळा वेगळ्या ठेवल्या. आतील गणना साऱ्या जगासाठी एकच असते. युनिक्स घराण्यातील प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या हिशेबाने, किती सेकंद लोटले एवढेच मोजतात. त्या सेकंदांना गाव नाही आणि सकाळ-संध्याकाळही नाही. कोणत्याही क्षणी ती संख्या मुंबईत जी असते, तीच टोरांटोत. पृथ्वीच्या केंद्रस्थानी कल्पिलेले फ्लेमिंग यांचे घड्याळ आज प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीत बसले आहे. पडद्यावर ते दिसत नाही, इतकेच.

पडद्यावर दिसते ती स्थानिक वेळ. ती काढण्यासाठी प्रणालीजवळ एक तक्ता असतो. कोणत्या प्रदेशाने कोणत्या तारखेपासून ग्रिनिचच्या किती पुढे वा मागे घड्याळ ठेवले, उन्हाळी वेळ केव्हा लावली, केव्हा काढली, याची ती बखर असते. असा एक सामाईक तक्ता १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केला. अनेक देशांतील जाणकारांनी त्यात भर घातली आणि २०११ पासून तो इंटरनेटवरील नावे व क्रमांक यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयाना या संस्थेच्या छत्राखाली आहे. लिनक्स, अँड्रॉइड व ॲपल यांच्या प्रणाली तो वापरतात. विंडोजचा तक्ता स्वतंत्र आहे. एखाद्या सरकारने नियम बदलला, की तक्त्यात ओळ वाढते आणि तिची नवी प्रत जगभरच्या यंत्रांकडे पाठवली जाते.

ही प्रत पोहोचायला अवधी लागतो आणि सरकारे तो नेहमीच देत नाहीत. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ लांबणीवर टाकण्याचा निर्णय अवघे काही दिवस आधी जाहीर केला. अनेकांच्या भ्रमणध्वनीतील घड्याळे जुन्या नियमाप्रमाणे आपोआप तासभर पुढे गेली. देशातील काही संस्थांनी सरकारचे ऐकले, काहींनी ऐकले नाही आणि काही दिवस एका देशात दोन वेळा चालू राहिल्या. अखेर सरकारनेच माघार घेतली. सामोआ बेटांनी तर आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलताना ३० डिसेंबर २०११ हा संपूर्ण दिवसच वगळला. तक्त्यात त्याचीही नोंद करावी लागली.

तक्त्यातील विभागांना मोठ्या शहरांची नावे देण्याची पद्धत आहे. भारताचा विभाग कोलकात्याच्या नावाने आहे. म्हणून संगणकाची वेळ लावताना दिल्ली वा मुंबईतील माणसालाही पुष्कळदा आशिया आणि कोलकाता हीच नावे निवडावी लागतात. त्या विभागात मोजक्याच ओळी आहेत. आधी कोलकात्याची स्वतःची वेळ, मग मद्रासची, १९०६ पासून साडेपाच तास, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही काळ साडेसहा आणि १५ ऑक्टोबर १९४५ पासून पुन्हा साडेपाच. मुंबईच्या वेळेचा विभाग त्यात नाही.